इंजिन बंद पडल्यावर मागे वळावं की समोर उतरावं? (हॅरिसन फोर्ड, सांता मोनिका, ५ मार्च २०१५)

रानवारा

जुन्या विमानांबद्दल बोलणारे इथे बरेच आहेत, म्हणून धागा काढतोय. अभिनेता हॅरिसन फोर्डच्या २०१५ च्या अपघाताचा तपास अहवाल नुकताच पुन्हा नीट वाचला. बातम्यांत तेव्हा 'विमान कोसळलं' एवढंच आलं होतं. प्रत्यक्षात घडलं ते जास्त विचार करण्यासारखं आहे.

विमान होतं रायन पीटी-२२. १९४२ साली बांधलेलं, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या नवशिक्या वैमानिकांना शिकवायला वापरलं जाणारं. एकामागे एक अशा दोन उघड्या बैठका, नाकावर पाच सिलिंडरचं १६० अश्वशक्तीचं किनर इंजिन. फोर्डचा जन्मही १९४२ चाच, म्हणजे अपघाताच्या वेळी वैमानिक ७२ वर्षांचा आणि विमान जवळपास तेवढंच.

लॉस एंजेलिसजवळच्या सांता मोनिका विमानतळावरून उड्डाण केल्यावर थोड्याच वेळात, समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० फुटांवर, इंजिनाची ताकद गेली. त्याने टॉवरला कळवलं की इंजिन बंद पडलंय, लगेच परत यायचंय. टॉवरने ज्या दिशेने तो उडाला होता तीच २१ क्रमांकाची धावपट्टी दिली. तो म्हणाला, मी तीनवर येतो. म्हणजे त्याच पट्टीवर, पण उलट्या बाजूने. डावीकडे वळला, ताशी ८५ मैल वेग राखला आणि मग त्याच्या लक्षात आलं की पट्टीपर्यंत पोहोचणं शक्य नाही. विमानतळाच्या टोकाला लागून असलेल्या पेनमार गोल्फ मैदानात त्याने विमान उतरवलं. उतरताना उजवं चाक एका उंच झाडाच्या शेंड्याला लागलं आणि विमान जमिनीवर आदळलं. धावपट्टीच्या टोकापासून सुमारे ८०० फूट अलीकडे.

माझा प्रश्न एवढाच: त्याने मागे वळायला हवं होतं का? माझं मत आहे की त्याने योग्य केलं. पण विमान चालवणाऱ्यांकडून ऐकायचंय.

घाटमाथा

रुमाल टाकून ठेवतो. विषय आवडीचा आहे.

निरंजन_सां

मला नाही पटत. म्हाताऱ्या माणसाने म्हातारं विमान घेऊन दाट वस्तीच्या डोक्यावरून उडायचं कशाला? खाली घरं आहेत, शाळा आहेत. गोल्फ मैदानात त्या क्षणी माणसं होती. कुणाला लागलं नाही हे नशीब. पैसा आहे म्हणून हौस करायची आणि धोका खालच्यांनी सोसायचा.

टेलव्हील

रानवारा, धाग्याबद्दल आभार. मी बरीच वर्षं एका फ्लाइंग क्लबात शिकवलं आहे, सुरुवात पुष्पक विमानावर झाली. सविस्तर लिहितो.

आम्ही विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून एक गोष्ट घोकून घ्यायला लावतो: उड्डाणानंतर कमी उंचीवर इंजिन गेलं तर नाक खाली करा, वेग धरा आणि समोर, थोडं डावं-उजवं करून जिथे जागा मिळेल तिथे उतरा. मागे वळायचं नाही. इंग्रजी बोलणारे वैमानिक त्या वळणाला 'अशक्य वळण'च म्हणतात. कारण सांगतो.

माणसाला वाटतं १८० अंश वळलो की झालं. तसं होत नाही. वळताना तुम्ही पट्टीच्या रेषेपासून बाजूला सरकता, त्यामुळे १८० पेक्षा जास्त वळून मग पुन्हा उलट वळून रेषेत यावं लागतं. या सगळ्यात उंची खर्च होते. लवकर वळावं म्हणून पंख जास्त कलवला तर वेगळंच संकट. ४५ अंश कलवून पातळी राखली तर पंखांवरचा भार १.४ पट होतो आणि विमान ज्या वेगाला स्टॉल होतं (पंखांची उचल तुटून विमान खाली पडू लागतं) तो वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो. ६० अंशाला भार दुप्पट, स्टॉलचा वेग ४१ टक्के जास्त. इंजिन बंद, जमीन जवळ येतेय, माणूस नकळत स्टिक (विमान चालवायचा दांडा) मागे ओढतो आणि विमान एका पंखावर पडतं. असे अपघात फार वाईट असतात. जमिनीवर सरळ बसलेल्या विमानातून माणूस वाचतो, फिरत पडलेल्यातून सहसा वाचत नाही.

आता फोर्डचं. ११०० फूट समुद्रसपाटीपासून. सांता मोनिका विमानतळ साधारण पावणेदोनशे फुटांवर आहे, म्हणजे जमिनीपासून नऊशेच्या आसपास. ही उंची मधलीच आहे. एखाद्या चांगल्या तरंगणाऱ्या विमानाला परत येता येईलही. पीटी-२२ तसं नाही. पंखांना वरून-खालून तारांचे ताण, बाहेर लटकणारे पाय, उघडं कॉकपिट. हवेची ओढ इतकी की इंजिन गेल्यावर हे विमान उतारावरून यावं तसं खाली येतं. शिवाय वळणात स्टॉल झालं तर एक पंख झटकन टाकायची त्याची सवय ते उडवणारे सगळे सांगतात.

म्हणून तो वळला याबद्दल माझं मन थोडं शंकित आहे. पण पट्टी मिळत नाही हे कळल्यावर त्याने स्टिक ओढून विमान ताणलं नाही, ते मात्र शंभर टक्के बरोबर.

लॉसएंजेलिसकर

मी त्याच भागात राहते. टेलव्हील सर, तुमचं म्हणणं बरोबर असेल, पण तिथला नकाशा डोळ्यांसमोर आणा. २१ वरून उडालं की लगेच खाली गोल्फ मैदान लागतं, मग व्हेनिसच्या गल्ल्या, एकाला एक चिकटलेली घरं, आणि दोनेक मैलांवर समुद्र. सरळ जायचं तर कुठे? माझ्या माहितीत या भागात मोकळी जागा म्हणजे तेच मैदान. वळल्यामुळेच ते त्याच्या आवाक्यात आलं.

@निरंजन_सां, तुमची काळजी इथल्या रहिवाशांचीही आहे. विमानतळ बंद व्हावा म्हणून शहराने वर्षानुवर्षं लढा दिलाय. २०१७ च्या डिसेंबरमध्ये धावपट्टी सुमारे ४९७० फुटांवरून ३५०० फुटांवर आणली, आणि केंद्रीय विमान प्रशासनाशी झालेल्या समझोत्यानुसार २०२८ संपल्यावर शहराला तो बंद करता येईल. मी स्वतः बंद करण्याच्या बाजूची आहे. पण त्या दिवशी त्या माणसाने विमान घरांवर पडू दिलं नाही, हेही इथले लोक मान्य करतात.

जुहूचीपोर

खाली गोल्फ खेळणाऱ्यांत मणक्याचा एक डॉक्टर होता ना? तो धावत गेला, इंधन गळत होतं तरी फोर्डला बाहेर काढलं असं तेव्हा वाचलं होतं.

लॉसएंजेलिसकर

हो. नशीब म्हणायचं तर हे.

घाटमाथा

मैदानात आकाशातून इंडियाना जोन्स (फोर्डची गाजलेली भूमिका) पडतो आणि धावत येतो तो मणक्याचा डॉक्टर. हे चित्रपटात दाखवलं तर लोक म्हणतील, पटकथा जुळवून आणली.

गॅरेजवाला

माझं दुचाकीचं गॅरेज आहे, विमानातलं काही कळत नाही. पण इंजिन का बंद पडलं ते कुणी सांगेल का? सगळे वळणावर बोलताय.

रानवारा

गॅरेजवाला, तुमच्याच प्रांतातलं आहे, म्हणून नीट लिहितो.

तपासात कार्बोरेटर उघडल्यावर दिसलं की मेन मीटरिंग जेट (पेट्रोल मापून सोडणारा बारीक भोकाचा भाग) आपल्या आट्यांतून सुटून बाहेर आलंय आणि ९० अंशांत फिरून आडवं झालंय. जेट जागेवर नाही म्हटल्यावर पेट्रोलला अडवणारं कुणी नाही. मिश्रण अतोनात श्रीमंत झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल फार जास्त, आणि इंजिनाची ताकद गेली. विमानाची नव्याने उभारणी झाली तेव्हा, अपघाताच्या सुमारे १७ वर्षं आधी, कार्बोरेटर रीबिल्ड केला होता. तेव्हापासून ते जेट हळूहळू सैल होत गेलं असावं असा तपासकर्त्यांचा निष्कर्ष आहे.

आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य: अपघाताला हातभार लावणारं कारण म्हणून त्यांनी कार्बोरेटरच्या देखभालीच्या सूचना अपुऱ्या असणं हे नोंदवलंय. वैमानिकाची चूक असं कुठेही म्हटलेलं नाही.

गॅरेजवाला

आता समजलं. धन्यवाद साहेब.

आमच्याकडे जुन्या स्कूटर, जुन्या बुलेट येतात त्यांत हे होतं. मेन जेट पितळेचं, कार्बोरेटरची बॉडी मऊ धातूची. कुणी आधी जास्त आवळून आटे खाल्लेले असतात, किंवा भीतीने कमी आवळलेलं असतं. थरथरीने फिरत फिरत एक दिवस जेट सुटून वाटीत पडतं. गाडी काळा धूर सोडते, प्लग काजळतो, भकभक करून बंद. गिऱ्हाईक गाडी ढकलत आणतं आणि मी वाटी उघडून जेट परत बसवून देतो. रस्त्याच्या कडेला थांबता येतं म्हणून ते परवडतं.

मला पडलेला प्रश्न: १७ वर्षं ते कुणी उघडून बघितलं नाही? आमच्याकडे दरवर्षी सर्व्हिसिंगला वाटी उघडतोच.

टेलव्हील

फार चांगला प्रश्न. विमानाची दरवर्षी तपासणी होते, परवानाधारक मेकॅनिक ती करतो. पण तो काय काय उघडेल हे उत्पादकाच्या सूचना आणि नियमांनी ठरतं. चालू कार्बोरेटर विनाकारण उघडणं हेही धोक्याचं मानतात, कारण उघडताना नवीन बिघाड शिरू शकतो. मॉडर्न इंजिनांत अमुक तासांनी ओव्हरहॉल करा असं लिहिलेलं असतं. हे किनर इंजिन १९३०-४० च्या काळातलं. जेटच्या आट्यांना वेळोवेळी हात लावून बघा असं कुणी लिहून ठेवलं नसेल तर मेकॅनिक बाहेरून बघतो, गळती नाही, इंजिन गोड चालतंय, सही करतो. त्याचं चुकलं म्हणता येत नाही.

जुन्या विमानाची खरी अडचण ही आहे. धातू म्हातारा होतो ते आपण शोधतो, गंज शोधतो, लाकडी स्पार (पंखातली मुख्य तुळई) ठोकून बघतो. पण सूचनांची पुस्तकं ज्या काळात लिहिली त्या काळात हे विमान सत्तर वर्षं उडेल असं कुणाच्या मनातही नव्हतं. ते सैनिकी शिक्षणाचं विमान. युद्ध संपेपर्यंत टिकलं तरी पुष्कळ, अशा हिशोबाने बनवलेलं.

हाडवैद्य_मिरज

मी अस्थिरोगतज्ज्ञ. फोर्डच्या जखमांबद्दल वाचलं होतं: कंबरेचं हाड, घोटा, हात, डोक्याला जखम. एवढ्या वयात कंबरेचं हाड मोडणं ही मोठी गोष्ट. तरी तो काही महिन्यांत पुन्हा उडायला लागला.

मला जाणून घ्यायचंय, डोक्याला एवढं का लागलं? पट्टा नव्हता का?

रानवारा

डॉक्टर, पट्टा होता. अहवालातला दुसरा महत्त्वाचा भाग हाच.

मूळ विमानात फक्त कमरेचा पट्टा होता. खांद्याचे पट्टे नंतर बसवले. पण ते बसवले बैठकीच्या पाठीच्या पत्र्याला, आणि त्या पत्र्याला मागून पुरेसा आधार दिला नव्हता. आदळल्यावर जोड टिकला नाही. जखमा जास्त गंभीर होण्याचं कारण म्हणून तपासकर्त्यांनी हे वेगळं नोंदवलं आहे.

हाडवैद्य_मिरज

म्हणजे पट्टा लावूनही न लावल्यासारखं. वाईट वाटलं. आमच्याकडे जीप आणि जुन्या गाड्यांत हौसेने बसवलेले पट्टे असतात, पत्र्याला एक बोल्ट मारलेला. अपघातात त्या बोल्टासकट पत्रा फाटून येतो. ज्यांच्याकडे अशा गाड्या आहेत त्यांनी कृपा करून एकदा मागून बघा. बोल्टामागे जाड पट्टी हवी, किंवा तो थेट चॅसीला हवा. पट्टा दिसतोय म्हणून माणूस निर्धास्त होतो, हे जास्त घातक.

गॅरेजवाला

डॉक्टरसाहेबांना पूर्ण अनुमोदन. उद्याच दोन गिऱ्हाइकांना फोन करतो.

निरंजन_सां

जेटचं आणि पट्ट्याचं वाचून माझा रोख थोडा बदलला. वैमानिकाला दोष देण्यासारखं यात नाही. पण वयाचा मुद्दा मी सोडणार नाही. हाच फोर्ड २०१७ मध्ये धावपट्टीऐवजी टॅक्सीवेवर (विमानं धावपट्टीपर्यंत ने-आण करायच्या वाटेवर) उतरला होता ना?

घाटमाथा

हो, १३ फेब्रुवारी २०१७, कॅलिफोर्नियातलाच जॉन वेन विमानतळ. अमेरिकन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ टॅक्सीवेवर थांबलं होतं, त्याच्या डोक्यावरून जाऊन उतरला. पण ते विमान वेगळं, एव्हियॅट हस्की, जुनं नव्हे. प्रशासनाने चौकशी केली आणि परवाना काढून घेतला नाही.

निरंजन_सां

७३७ मध्ये माणसं बसलेली होती. एवढं होऊन परवाना राहतो याचंच मला नवल वाटतं.

टेलव्हील

ती चूक गंभीर होती, त्यात दुमत नाही. पण दोन घटना एकात मिसळू नयेत. एकीत माणसाची नजर चुकली, दुसरीत यंत्र बंद पडलं. पहिलीत वयाचा विचार करा, जरूर करा. दुसरीत २५ वर्षांचा वैमानिक असता तरी जेट सुटलंच असतं.

जुहूचीपोर

वयाचं निघालंच आहे तर: जेआरडी टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणलं, पस मॉथ विमानातून, आणि आमच्या जुहूला उतरले. त्याच्या पन्नाशीला, १९८२ मध्ये, ते पुन्हा तीच वाट एकट्याने उडाले, लेपर्ड मॉथमधून. वय ७८! तेही जुनंच विमान, १९३० च्या दशकातलं.

आजोबा सांगायचे, १९३२ चं जुहू म्हणजे समुद्राकाठची चिखलवट. पावसाळ्यात तिथे विमान उतरवता येत नसे, मग टपालसेवेचा मुक्काम पुण्याला हलायचा.

घाटमाथा

@जुहूचीपोर +१. अवांतर आहे पण अजून असेल तर लिहा.

भूमितीप्रेमी

एक शंका. फोर्डचं सोडा, पण जुनी विमानं चांगली चालत असतानाही उतरतानाच जास्त का धडपडतात? प्रदर्शनांचे व्हिडिओ बघितले तर शेवटी गोल फिरून पंख जमिनीला टेकलेलं विमान हमखास दिसतं.

टेलव्हील

तिसरं चाक शेपटाला असल्यामुळे. माझ्या नावातच आहे, म्हणून आनंदाने लिहितो.

आजच्या विमानांचं तिसरं चाक नाकाखाली असतं आणि गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे. विमान थोडं तिरकं झालं तर ते स्वतःच सरळ व्हायला बघतं. शेपूटचाकाच्या विमानात गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे. थोडं तिरकं झालं की वजन मागून पुढे यायला बघतं आणि तिरकेपणा वाढतच जातो. दुकानातली ट्रॉली उलटी करून ढकलून बघा, हाताला लगेच कळेल. विमान गर्रकन फिरतं, बाहेरचा पंख टेकतो, कधी पाय मोडतो. माणसं बहुधा सुखरूप असतात, विमान मात्र महिनोनमहिने हँगरमध्ये.

त्यात आडवा वारा आला की परीक्षा. टायगर मॉथसारख्या विमानांना तर ब्रेकच नव्हते, चाकाऐवजी मागे नुसती घसरपट्टी. ती विमानं गवताच्या मोठ्या चौकोनी मैदानांसाठी होती. वारा येईल त्या तोंडाने उतरायचं. आज त्यांना एकाच दिशेच्या डांबरी पट्टीवर उतरवतात, आणि वारा तर कुठूनही येतो.

पुष्पकवर विद्यार्थ्यांना मी एकच सांगायचो: चाकं टेकली म्हणजे उतरलो असं समजू नका. विमान बांधेपर्यंत पाय पेडलवरच.

भूमितीप्रेमी

वा, एकदम उकललं. पुष्पक म्हणजे आपलंच ना, हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं?

टेलव्हील

हो, कापडी आवरणाचं, ९० अश्वशक्तीचं, १९५८ चं. त्याआधी १९५१ मध्ये उडालेलं एचटी-२, भारतात आराखडा होऊन बनलेलं पहिलं विमान. तेही शेपूटचाकाचं, शिक्षणासाठीचंच. त्याचे मुख्य आरेखक डॉ. विष्णू माधव घाटगे, आपल्या कोल्हापूर भागातले. जर्मनीत गटिंगेनला, वायुगतिशास्त्रातले मोठे शास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांच्याकडे शिकलेले. एचटी-२ वर आपल्या हवाई दलाच्या कित्येक पिढ्या तयार झाल्या. फोर्डचं रायन अमेरिकेसाठी जे होतं, तेच आपल्यासाठी एचटी-२. घाटगे सरांचं नाव मराठी मुलांना माहीत असायला हवं, हे मला फार मनापासून वाटतं.

घाटमाथा

घाटगे यांच्यावर वेगळा धागा काढा सर. आम्ही सगळे येऊ.

लॉसएंजेलिसकर

मूळ प्रश्नाकडे येते. टेलव्हील सर, तुम्ही सुरुवातीला म्हणालात की तो वळला याबद्दल मन शंकित आहे. मैदानाबद्दल मी लिहिल्यावर काय वाटतं?

टेलव्हील

तुमचा प्रतिसाद वाचून नकाशा उघडून बसलो होतो, खरंच. उत्तर देतो.

'मागे वळू नका' हा नियम आम्ही नवशिक्यासाठी ठेवतो, कारण त्या क्षणी विचार करायला त्याच्याकडे डोकं शिल्लक नसतं. समोर शेतं असतील तर तो नियम सोन्यासारखा आहे. आमच्या क्लबाभोवती तूर आणि कपाशी होती, तिथे वळणाऱ्याला मी रागावलोच असतो. समोर घरंच घरं असतील तर प्रश्न बदलतो. आता तो असा होतो की सगळ्यात कमी नुकसान होईल अशी जागा कुठे आहे आणि वेग न गमावता तिथे पोहोचता येईल का. फोर्डला ती जागा डावीकडे मागे होती. म्हणून नकाशा बघितल्यावर तो वळला ते मला मान्य आहे.

एक गोष्ट मात्र आधी ठरवावी लागते. उड्डाणापूर्वी पट्टीच्या टोकाला उभं असताना मोठ्याने म्हणायचं: अमुक उंचीखाली इंजिन गेलं तर समोर, त्याच्या वर गेलं तर वळेन, आणि वळलो तर पट्टीच हवी असा हट्ट नाही. वर गेल्यावर हे ठरवायला वेळ नसतो.

रानवारा

हेच ऐकायचं होतं. 'पट्टीच हवी असा हट्ट नाही' हे मी लिहून ठेवतोय. टॉवरशी बोलताना तीन नंबर पट्टी त्याच्या मनात होती, तरी काही सेकंदांत ती त्याने सोडून दिली. मला त्याचं कौतुक वाटतं ते यासाठी.

निरंजन_सां

शहरावरून जुनी विमानं उडू नयेत हे माझं मत कायम. पण हा माणूस त्या दिवशी डोकं ठिकाणावर ठेवून वागला, हे मान्य.

गॅरेजवाला

टेलव्हील सर, एक विचारू? जेट सुटू नये म्हणून विमानात तार बांधतात का? आमच्याकडे रेसिंगवाले बोल्टांना भोक पाडून तार ओवतात.

टेलव्हील

बांधतात, सेफ्टी वायर म्हणतात. बाहेरच्या जवळपास प्रत्येक महत्त्वाच्या बोल्टाला असते, आणि अशी ओवायची की बोल्ट सुटायला गेला तर तार त्याला आवळण्याच्याच दिशेने ओढेल. पण कार्बोरेटरच्या पोटात तार ओवायला जागा असेलच असं नाही. तिथे आटे स्वच्छ असणं, सांगितलेल्या मापाने टॉर्क देऊन आवळणं आणि ठरावीक काळाने उघडून बघणं, एवढंच हातात राहतं. तुम्ही दरवर्षी वाटी उघडता ना, तशीच चालू ठेवा.